वेल्डरवर पॉइंट घालू नका

मला भीती वाटते, हे मी पन्नाशी ओलांडेपर्यंत कुणाला बोलून दाखवलं नाही. मी गणित शिकवतो. वर्गात साठ पोरं समोर बसलेली असताना मास्तरनं घाबरून चालत नाही, आणि मग ती सवय घरीही लागते. गावात माझी ओळख 'कमी बोलणारे सर' अशी आहे. कमी बोलणाऱ्या माणसाचा शब्द लोक जड मानतात. मी एकदाच तसा जड शब्द वापरला आणि ज्याच्याशी मी मनातलं बोलायचो, त्या एकाच माणसाला त्याखाली चेपलं. गेल्या दिवाळीपासून ते मनात घेऊन फिरतोय. आता लिहून टाकतो.

तो माणूस म्हणजे माझा लहानपणचा मित्र. जिंतूर रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आसपासच्या गावांतली निम्मी गेटं, कडबाकुट्टीचे स्टँड, ट्रॉलीचे जोड त्याच्या हातचे. उंच, रुंद, बोलका. मी त्याच्या बरोबर उलटा. मला आयुष्यात मतं अशी दोनच विषयांवर आहेत, क्रिकेटमधला पैसा आणि मारधाडीचे सिनेमे, आणि दोन्ही मतं मी त्याच्याशिवाय कुणापुढं मांडली नाहीत.

महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही मोटारसायकलवर परभणीला जायचो आणि दुपारचा शो बघायचो. सिनेमा मारामारीचाच पाहिजे, ही त्याची अट. परतीच्या वाटेवर झरीला चहासाठी थांबायचं आणि मी सिनेमाची चिरफाड करायची, हा ठरलेला कार्यक्रम. माझं म्हणणं एकच असायचं, की पडद्यावर कुणी घाबरतच नाही. आम्ही लहान असताना हिरो मार खायचा, तोंडातून रक्त यायचं, धापा टाकायचा. आम्ही खुर्चीची कड धरून बसायचो, की हा आता मरतो. आताचा हिरो तिसऱ्या मजल्यावरून पडतो आणि उठून आधी गॉगल नीट करतो. छातीत तीन गोळ्या घेऊन पुढची दहा मिनिटं भाषण देतो. ज्याला मरणाचं भय नाही त्याची आम्ही काळजी का करायची? आवाज वाढला, गाड्या जास्त उडायला लागल्या, आणि बघणाऱ्याला जांभया यायला लागल्या.

तो म्हणायचा, "गड्या, एवढा हिशेब लावायचा तर घरी बसून पाढे म्हणत जा. दीडशे रुपयात तीन तास एसी मिळायलाय, वरून मारामारी फुकट. अजून काय पाहिजे तुला?"

त्याचा राग फक्त एका गोष्टीवर असायचा. हिरोनं लाथ मारली की लोखंडी गेट उडून जायचं. तेव्हा तो थेटरात मोठ्यानं म्हणायचा, "त्याला टाकाच न्हाई घातला. माझ्या गेटला लाथ मारून बघ म्हणावं. पाय गळ्यात बांधून जाशील." मागच्या रांगेतली माणसं हसायची.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक सिनेमा लागला होता. मध्यंतरात आम्ही खाली चहा प्यायलो आणि बाल्कनीकडं परत निघालो. अर्ध्या जिन्यात तो बसला. म्हणाला, "तू हो पुढं. पित्त खवळलंय. आलोच."

मी पुढं गेलो. हे मी पुढं कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, तो मला दिसला होता, आणि तरी मी आत जाऊन बसलो. मध्यंतर संपलं होतं आणि मला, एवढ्या नावं ठेवणाऱ्या माणसाला, पुढं काय होतं ते बघायचं होतं. दहा मिनिटं पडद्यावर बंदुका वाजत होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. मग तो घाम आठवला आणि मी उठलो. बाहेर आलो तर तो भिंतीला टेकून बसलेला, चेहरा राखेसारखा, डावा हात मांडीवर असा टाकलेला की तो त्याचा नाहीच. आतून बंदुकांचा आवाज येतच होता. मी त्याला हाक मारली ती मला स्वतःलाच ऐकू आली नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून बघितली आणि तासाभरात नांदेडला पाठवलं. अँब्युलन्समध्ये पडल्या पडल्या त्यानं बायकोला फोन लावला. "जालन्याला माल आणायला जायलोय. लोखंड स्वस्त झालंय म्हणायलेत. दोन-तीन दिवस लागतील." आवाज इतका साधा, की बाजूला बसून मलाही क्षणभर खरं वाटलं. दवाखान्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही मी केली. काळजाच्या एका नसेत जाळी बसवली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वर्षभर धावपळ नको, जड उचलायचं नाही, गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

परतताना त्यानं भाड्याची गाडी पोखर्णीकडं वळवायला लावली. नृसिंहाच्या देवळात, उंबऱ्याशी, माझा हात धरून म्हणाला, "पोरीची सोयरीक चालू हाय. बापाचं काळीज कच्चं हाय म्हणलं की पाहुणे मागं सरकतात. घरी कळलं तर बायको रडून गाव गोळा करील. ह्या देवाची आण घे, कुणाला सांगणार न्हाई."

मी घेतली. आमच्याकडं पोखर्णीची आण मोडणारा माणूस सुखानं मरत नाही असं म्हणतात. मी गणिताचा मास्तर, पण ह्या बाबतीत मास्तर नाही.

गोळ्या त्यानं दुकानात रॉडच्या डब्यात लपवल्या. रोज शाळा सुटल्यावर मी दुकानावरून जायचो, तो डब्याकडं बोट दाखवायचा, म्हणजे घेतली. त्या महिन्यांत मला धड झोप लागली नाही. फोन वाजला की पहिल्यांदा त्याचं घर डोळ्यांपुढं यायचं.

आता दुसरा विषय. गावात दिवाळीच्या सुट्टीत टेनिस चेंडूची लीग होते, आणि टीव्हीवर बघून आमच्याकडंही खेळाडूंचा लिलाव करतात. सहा मालक, प्रत्येकाला दहा हजार पॉइंट, बोली पाचशेपासून. पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत. खेळाडूला मिळतो एक टी-शर्ट आणि मॅचच्या दिवशी वडापाव. खरा पैसा जातो बॅनरला, डीजेला, मोबाईलवर लाइव्ह दाखवणाऱ्याला. पण त्या पॉइंटांना गावात जी इज्जत आहे ती पगाराला नाही. 'कितीला गेला?' हा प्रश्न माणसाला वर्षभर चिकटतो. एका शिंप्याला आजही सगळे 'चारहजारी' म्हणतात, आणि तो कापड कापता कापता मान ताठ करतो. ज्याच्यावर कुणीच बोली लावली नाही तो 'अनसोल्ड'. तीन वर्षांपूर्वीचा एक अनसोल्ड गडी अजून बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसत नाही.

मोठ्या लीगबद्दल माझं मत होतं की तिथली किंमत खेळाची नसते. दोन श्रीमंत माणसं एकाच वेळी हट्टाला पेटली की कोट्यवधी होतात. त्यातला एक जण चहाला उठून गेला तर तोच गडी कवडीमोलानं जातो. मग ते कोटी वसूल करायचे म्हणून त्याला खेळवतात, नाहीतर बाकावर बसवून ठेवतात. किंमत ठरवायला दोन माणसं लागतात, एकटा कितीही शहाणा असला तरी भागत नाही. हे मी झरीच्या चहावर त्याला शंभर वेळा ऐकवलं होतं. तो म्हणायचा, "मग माझ्यासाठी दोन हट्टी मालक बघ."

लिलावाचा सगळा कागद माझ्याकडं असतो. कुणाचे किती पॉइंट उरले ते मी लिहितो. मॅचला धावाही मीच लिहितो. लहानपणापासून तेच. तो संघ निवडायचा आणि मला म्हणायचा, "तू लिहायला बस."

दसऱ्यानंतर एके दिवशी फॉर्मांच्या गठ्ठ्यात त्याचा फॉर्म निघाला. वय सत्तेचाळीस लिहिलं होतं, आहे एक्कावन्न. खेळाचा प्रकार, डावखुरा जलद गोलंदाज.

मी दुकानात गेलो. "हे काय?"

"काय म्हणजे? दोन ओव्हर टाकतो न् बसतो. दरवर्षी खेळलो, ह्या वर्षी न्हाई खेळलो तर लोक इचारतील की कामून."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टर नांदेडात हाय." त्यानं तोंडावर वेल्डिंगची ढाल ओढली. "सरक, ठिणगी उडंल."

मी आठ दिवस भीतीनं अर्धा झालो. त्याच्या बायकोला सांगावं तर आण. लीगच्या कमिटीला सांगावं तरी आण. मैदानात पळताना तो पडतो आणि मी वहीत डॉट बॉल लिहितो, असं स्वप्न पडायचं. शेवटी मला सुचलं की आण मोडायची गरजच नाही. सहा जण गप्प बसले की काम झालं.

मालक आपण होऊन माझ्याकडं येतात, कुणावर किती घालावेत विचारायला. खताच्या दुकानवाले आले. "सर, वेल्डर घ्यावा का? अनुभवी हाय."

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "वेल्डरवर पॉइंट घालू नका. संपला तो. नुसतं नाव राहिलंय."

"तुमी म्हणायलात, म्हणजे झालंच," ते म्हणाले.

मग प्लॉटिंगवाल्याला तेच सांगितलं. दूध डेअरीवाल्याला तेच. सहाही जणांना, एकेकट्याला गाठून, आणि प्रत्येकाला वाटलं की आतली गोष्ट फक्त आपल्याला कळली.

इथं मला थांबून खरं लिहायचं आहे. नको म्हणायला दुसरी शंभर कारणं होती. त्याच्या घरात सोयरीक आहे, दुकानाला सुट्टी नाही, तो मॅचला वेळेवर येणार नाही. ह्यातलं काहीही चाललं असतं. मला सुचलं ते 'संपला' हेच. आणि ते सहाव्यांदा म्हणताना जिभेवर गोड लागलं. चाळीस वर्षं वही घेऊन बाहेर बसलेल्या माणसाला पहिल्यांदा त्याची किंमत ठरवायला मिळाली होती. भीती खरी होती. पण भीतीच्या पदराआड दुसरंही काही होतं, आणि ते मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

लिलाव शाळेच्या मैदानात, सकाळी दहाला. माइकवर बोलायला परभणीहून माणूस आणला होता. मित्राचं नाव पुकारलं. पांढरा शर्ट घालून तो पुढं आला, हात जोडून उभा राहिला. "पाचशे, पाचशेपासून," माइकवाला म्हणाला. सहा टेबलं. खतवाल्यांनी फोनमध्ये डोकं घातलं. प्लॉटिंगवाला पाणी पीत राहिला. डेअरीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी कागदाकडं.

"पाचशे एक वार." मागून कुणीतरी ओरडलं, "अरे घ्या की, गेट तरी फुकटात करून देईल." सगळं मैदान हसलं. तोही हसला. "पाचशे दोन वार." त्यानं एकदा सहाही टेबलांवरून नजर फिरवली, दुकानात माल मोजावा तशी. मग डीजेवाल्यानं सिनेमात हिरो मेल्यावर वाजतं तसलं संगीत वाजवलं आणि माइकवाला म्हणाला, "अनसोल्ड."

मी कागदावर तो शब्द लिहिला. अक्षर वाकडं आलं.

त्यानं टाळ्या वाजवल्या. स्वतःच. आणि मोटारसायकल काढून निघून गेला.

तासाभरानं मी दुकानात गेलो. बंद. घरी नव्हता. फोन बंद. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारातच होत्या. त्यांनी सगळं मोबाईलवर बघितलं होतं. "भाऊजी, ह्यायचा चेहरा लय उतरला होता हो. कुठं गेले असतील?"

मी कालव्याकडं का निघालो ते मला माहीत आहे आणि लिहवत नाही. पुलावर त्याची मोटारसायकल उभी होती. तो कुठंच नव्हता. पाणी काठोकाठ, मातकट, आवाज न करता चाललेलं. मी पुलाच्या कठड्याला धरून खाली बघितलं आणि तोंडात नृसिंहाचं नाव आलं. गणितात ज्याला शून्य म्हणतात ते मला त्या पाण्यात दिसलं. इथून पुढं रोज उठायचं आणि हे आपण केलंय हे माहीत असायचं, एवढंच उरणार होतं.

"काय मास्तर," खालून आवाज आला. तो पुलाच्या सावलीत, उतारावर बसला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर, पाय पाण्यात. "जीव द्यायला आलो वाटलं का तुला?"

मी कठडा सोडला.

"फोन कामून बंद केला म्हणशील तर, मघापासून बारा जणांनी इचारलं, कितीला गेला म्हणून." मग मान खाली घालून म्हणाला, "एकानं तरी पाचशे लावायला पाहिजे होते, गड्या. दहा हजारातले पाचशे."

मी त्याच्याजवळ उतरून बसलो. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. कालव्याचं पाणी, दुपार, दोघंच. मी म्हणालो, "जाऊ दे. बरंच झालं. जिवाला आराम."

लिलावाची एक रीत मी विसरलो होतो. इतकी वर्षं कागद लिहून विसरलो, ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि विकत घेतलेले दोन-चार खेळाडू टोळीबरोबर जातात. त्यांच्या जागी अनसोल्ड लोकांच्या चिठ्ठ्या टाकतात. डेअरीवाल्याचा गोलंदाज भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसला. चिठ्ठी निघाली, ती माझ्या मित्राची.

"फुकटात लागलो," तो मला म्हणाला. "आता दाखवतो सगळ्यांना."

माझ्या शब्दामुळंच आता तो जिवाच्या करारावर खेळणार होता. नुसत्या हौसेनं खेळला असता तर दोन ओव्हर सावकाश टाकून बसला असता.

मॅचच्या दिवशी मी लिंबाच्या झाडाखाली वही घेऊन बसलो. तिसरी ओव्हर त्याला दिली. पूर्वी तो बारा पावलं पळायचा, त्या दिवशी मी अठरा मोजली. पहिला चेंडू इतका जोरात की फलंदाजाला दिसला नाही. मैदान ओरडलं, "आला रे वेल्डर." दुसरा. तिसऱ्याला दांडी उडाली. मी तिन्ही चेंडू वहीत लिहिले नव्हते. चौथ्यानंतर तो वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. उठला आणि डावा खांदा चोळायला लागला. पाणी मागवलं आणि खेळ थांबला.

मी वही शेजारच्याच्या मांडीवर ठेवली आणि चालायला लागलो. पळालो असतो तर लोकांनी विचारलं असतं. त्याचं घर मैदानापासून दोन गल्ल्या पुढं. वहिनी आणि मुलगी मोबाईलवर तीच मॅच बघत होत्या, हसत होत्या. मी दारातूनच सांगितलं. जाळी, नांदेड, गोळ्या, रॉडचा डबा. चार वाक्यांत आण मोडली. वहिनी उठल्या. मोबाईल मुलीच्या हातात दिला आणि निघाल्या.

आमच्याकडं बायका मैदानात उतरत नाहीत. त्या उतरल्या, थेट खेळपट्टीपर्यंत गेल्या. अंपायर हसत म्हणाला, "वहिनी, बॅटिंग करायची का?"

त्यांनी हात पुढं केला. "चेंडू द्या."

"अगं, दोन बॉल राहिलेत," मित्र म्हणाला.

"द्या म्हणलं ना." आणि अंपायरकडं वळून, "ह्यायच्या काळजात जाळी बसवलेली हाय. तुमाला कुणाला माहीत होतं का?"

अंपायरच्या गळ्यात लाइव्हवाल्याचा माइक होता. वाक्य सगळ्या गावानं ऐकलं, आणि सोयरीक जमत आलेल्या बोरी गावच्या पाहुण्यांनीही. मित्रानं चेंडू बायकोच्या हातात दिला. तिच्या खांद्यावरून त्याची नजर माझ्यावर आली आणि थांबली. तेव्हापासून चैत्रापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

त्याच संध्याकाळी पट्टी काढली. काळीज ठीक होतं. खांदा भरला होता, एवढंच. डॉक्टर त्याला भरपूर रागावले ते वेगळं. म्हणजे मी आण मोडली ती खांद्याच्या दुखण्यासाठी, असंही कुणी म्हणू शकतं.

गावानं मात्र मला डोक्यावर घेतलं. "सर होते म्हणून माणूस वाचला." खतवाले शाळेत येऊन हळूच म्हणाले, "म्हणून तुमी नको म्हणले होते तर. लय मोठं मन तुमचं." मी त्यांच्यापुढं हात जोडले, की हे कुठं बोलू नका. त्यांना तो माझा विनय वाटला. तेव्हापासून सहा तोंडांची भीती सुरू झाली. त्यातलं एखादं चहावर सहज बोलून जाईल, आणि मित्राला कळेल की सहा टेबलं गप्प का होती.

पाहुण्यांनी रिपोर्ट मागवले, दोन महिने ताटकळत ठेवलं, शेवटी हो म्हणाले. चैत्रात वहिनी पत्रिका घेऊन घरी आल्या. तो आला नाही. माझ्या बायकोनं चहा टाकला. वहिनी म्हणाल्या, "ह्यायचा राग जाईल, भाऊजी. तुमच्यामुळं माझं कुंकू राहिलं. पोरीच्या लग्नात तुमी मामाच्या जागी उभं राहायचं."

मामाच्या जागी म्हटलं आणि मला राहवलं नाही. मी सांगितलं. सहा मालक, एकेकटे, आणि नेमका शब्द.

माझ्या बायकोनं चहाची कपबशी हातातच धरून ठेवली. वहिनी बराच वेळ पत्रिकेवरची हळद बोटानं पुसत होत्या. मग म्हणाल्या, "आजारी हाय म्हणायला आण आडवी आली. संपला म्हणायला न्हाई आली?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पोरं अजून रस्त्यानं अनसोल्ड म्हणायलेत त्यायला. मी म्हणायचे, लोकांना किंमत न्हाई." त्या उठल्या. पत्रिका टेबलावरच राहू दिली. "मी न्हाई सांगणार. तुमीच सांगा. लग्नाच्या आधी सांगा."

मी त्याच दिवशी गेलो, दिवस टळला तर धीर टळेल म्हणून. रस्ताभर एकच भीती होती, की हे ऐकून त्याच्या छातीत काही झालं तर. ज्याचा जीव वाचवायला म्हणून हे सगळं केलं त्यालाच हे ऐकवायला निघालो होतो. दुकानाबाहेर दोन मिनिटं उभा राहिलो. तो एका खिडकीची जाळी जोडत होता, तोंडावर ढाल. मी येताना त्यानं बघितलं असावं, कारण टाका लावायचा थांबला नाही.

मी ठिणग्यांच्या आवाजातच बोलायला लागलो. सगळं सांगितलं. जिना सांगितला, ती दहा मिनिटं सांगितली. 'संपला' म्हणताना गोड लागलं तेही सांगितलं. बोलताना माझी नजर त्याच्या छातीवर होती, शर्ट वर-खाली होतोय का ते बघत. कधीतरी ठिणग्या थांबल्या होत्या, माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानं ढाल वर केली. घामानं चेहरा निथळत होता आणि डोळे लाल होते, पण ते वेल्डरचे रोजच लाल असतात.

"सहाच्या सहा?" तो म्हणाला.

"सहाच्या सहा."

त्यानं हातमोजा काढला, परत घातला. मी उभा राहिलो. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"एक सांग," तो म्हणाला. "तू कागद लिहितोस. तुला सगळ्यांचं माहीत असतं. मधी पडला नसतास तर कितीला गेलो असतो मी?"

खोटं सुचलं होतं. पाच हजार म्हणावं, त्याला बरं वाटेल. पण मी तिथं ज्यासाठी आलो होतो ते वाया गेलं असतं.

"दोन हजार," मी म्हणालो. "फार तर सव्वादोन."

त्यानं रॉड उचलला. मग ढाल खाली ओढता ओढता म्हणाला, "तीन तरी गेलो असतो."

आणि जाळीचा पुढचा जोड लावायला वाकला. जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मी ठिणग्यांपासून दोन पावलं मागं सरकून उभा राहिलो.